भाऊजींची चार तारांची गिटार

आमच्या भाऊजींना गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बेस गिटार म्हटल्यावर तुम्हाला वाटायचं, असेल कुणी लांब केसांचा कलावंत. छे हो! भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर काम करतात. डोक्यावर केस औषधालाही उरलेले नाहीत, आणि आंघोळ करताना जे काही गुणगुणतात ते ऐकून आमचे हे बाहेरून ओरडतात, "बारक्या, बरा आहेस ना रे?"

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भाऊजी अर्ध्या चड्डीत होते. पण दीर तो दीर, म्हणून त्या एवढ्याशा पोराला अहो-जाहो करायचं. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, माझ्या चपला कुठे लपवल्यात ते मुकाट्याने सांगा." पुढे सासूबाई लवकर गेल्या आणि भाऊजींचा डबा, ताप, परीक्षा, सगळं माझ्याकडेच आलं. लग्नाचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. मी मागे लागले की म्हणायचे, "वहिनी, एका घरात दोन तोफा कशाला?" तोफ म्हणजे मी. असू दे. मला राग येतो आणि मी तो पोटात ठेवत नाही, म्हणून तर माझी तब्येत अशी ठणठणीत आहे. भाऊजी सगळं पोटात ठेवतात. हसणं सोडून.

त्यांच्या पुठ्ठा कापायच्या प्रेसला दोन बटणं आहेत. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, एकमेकांपासून चांगली लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचं पातं खाली येतं. दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली काही सापडायचा प्रश्नच येत नाही, अशी ती सोय. पण माल भराभर काढायचा असला की तिथली माणसं एका बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवतात. ते बटण दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो. सगळेच करतात. भाऊजी करत नसत. एकदा केलं.

बोटं तुटली नाहीत हेच नशीब. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, या दोन्हींच्या आत बोट वाकवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात त्या तुटल्या होत्या. डॉक्टरांनी त्या जोडल्या आणि हात बरेच दिवस बांधून ठेवला. बांधलेलं सुटलं तेव्हा आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत बसलो. जखम छान भरली होती. पण मूठ मिटायला सांगितली की बाकीची बोटं मिटायची आणि ती दोन मुठीबाहेर काडीसारखी उभी राहायची.

"मिटतील हळूहळू," हे म्हणाले. ह्यांना सगळंच हळूहळू होईल असं वाटतं.

फिजिओच्या बाई मात्र उगाच गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. वयाने लहान, आवाज शांत, पण बोलणं सरळ. "जोडलेली दोरी आत चिकटून बसते. रोज बोट वाकवलं तरच ती सुटते. दुखतंय म्हणून आत्ता सोडलंत तर पुढे दुखायचं थांबेल, पण वाकायचंही थांबेल. मग कायमचंच." कारखान्यानेही कळवलं होतं, मूठ घट्ट मिटायला लागली की प्रेसवर या, नाहीतर गेटवर खुर्ची देऊ. गेटवर खुर्ची! म्हणजे आत-बाहेर करणाऱ्या गाड्या बघत दिवस काढायचा. 

व्यायामाला दिला होता एक रबरी चेंडू आणि कपड्यांचे चिमटे. चेंडू दाबायचा, चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे. भाऊजींनी चेंडू दोन-चार दिवस दाबला, मग तो पलंगाखाली गेला तो गेलाच. "मी काय बालवाडीत बसलोय?" असं म्हणाले. आणि आम्हीही शहाणे! त्यांच्या शर्टाची बटणं मी लावायची, चपलेचा पट्टा हे लावायचे. त्या डाव्या हाताला आम्ही घरात पाहुण्यासारखं बसवून ठेवलं होतं.

एकदा मी बाईंपुढे चेंडूची तक्रार केली. बाई म्हणाल्या, "चेंडू नको तर दुसरं काहीतरी करा. ज्यात ही बोटं रोज वाकतील असं काहीही. तारेचं वाद्य वाजवा हवं तर." त्या सहज बोलून गेल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसस्टॉपच्या समोर जुन्या वाद्यांचं दुकान आहे. इतकी वर्षं तिथून बस पकडते, पण आत कधी डोकावले नव्हते. त्या दिवशी भाऊजी थांबले. "वहिनी, बघायला काय जातंय?"

आत गिटारी टांगल्या होत्या, माझ्याकडे शिवून झालेले ब्लाऊज टांगलेले असतात तशा. हो, मी घरी शिलाई करते, ते सांगायचं राहिलंच. दुकानदार जाड भिंगांचा चष्मा लावून एका पेटीचा भाता चिकटवत बसला होता. त्याने आधी एक साधी गिटार काढून दिली. भाऊजींनी डाव्या हाताचं बोट नुसतं तारेवर टेकवलं आणि स्स करून हात मागे घेतला. ती बारीक तार, आणि यांच्या बोटाची कातडी अजून कोवळी. मी म्हटलं, झालं, चला घरी.

पण त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं. तिथे स्टँडवर एक काळपट तपकिरी, लांब मानेची गिटार उभी होती. "ती कुठली?"

"बेस गिटार."

"तारा चारच?"

"चारच."

"बरं आहे. सहा म्हणजे उगाच पसारा." आणि त्यांनी उजव्या हाताच्या बोटाने सगळ्यांत जाड तार ओढून सोडली.

काय सांगू तुम्हाला! तो आवाज कानात आलाच नाही. तो जमिनीतून आला आणि तळपायांतून वर चढला. मी दचकून काउंटरला धरलं. भाऊजी मात्र तसेच वाकून उभे राहिले. आवाज पूर्ण विरेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "सगळ्या प्रेस एकदम चालू असल्या की आमचा हॉल असा वाजतो." हात दुखावल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं काही पाहिलं नव्हतं. मी लगेच पर्स उघडली.

घासाघीस मी केली. त्याबद्दल जास्त सांगत नाही, दुकानदार त्यातून अजून सावरलेला नाही. शेवटी त्याने चष्मा पुसत काहीतरी विचारलं, "आणि त्यासोबत अँप..." मी त्याला तिथेच तोडलं. "आणखी काही नको! गिऱ्हाईक दिसलं की गळ्यात काय काय मारता तुम्ही लोक!" आणि आम्ही गिटार घेऊन बाहेर पडलो.

घरी आल्यावर मी ह्यांना समोर बसवलं. म्हटलं, ऐका आता, जमीन हादरते की नाही बघा. भाऊजींनी गिटार मांडीवर घेतली आणि जाड तार ओढली.

टुंई.

पुन्हा ओढली. टुंई.

"एवढं मोठं धूड," हे म्हणाले, "आणि आवाज डासाचा?" भाऊजींनी गिटार उलटी करून मागे बघितलं, हलवून बघितली, कान लावून बघितला. हे म्हणाले, "आवाज काढून घेतला वाटतं दुकानात. फसवलं तुम्हाला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान बंद झालं होतं म्हणून तो दुकानदार वाचला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मी गिटार घेऊन दारात उभी.

"हिच्यातला आवाज कुठाय?" मी विचारलं.

त्याने चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मग काउंटरमागून एक काळं खोकं पुढे ओढलं, त्यातून निघणारी वायर हातात धरून दाखवली. "आवाज यात असतो बाई, काल गिटार यालाच जोडलेली होती. याला अँप्लिफायर म्हणतात. काल मी विचारत होतो, पण तुम्ही..."

"मग जरा जोरात विचारायचं!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जुना, एका कोपऱ्यात चेपलेला अँप घेऊन आले. वायर लावली, भाऊजींनी तार ओढली, आणि स्वयंपाकघरातली मांडणी थरारली. ताटल्या एकमेकींवर किणकिणल्या. ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "बारक्या, भिंती जुन्या आहेत रे," एवढंच म्हणाले. पण हसत होते. त्या दिवशी घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकदम हसलो.

शिकवणीला जायला भाऊजी तयार नव्हते. "या वयात पोरांच्यात बसून?" मग त्यांनी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यातल्या माणसाचं बघून बघून शिकायला सुरुवात केली. फोनमधला माणूस धिम्या चालीने वाजवायचा, भाऊजी त्याच्यासारखं करायचे. मी शेजारच्या खोलीत मशीनवर बसलेली असायची. पहिल्यांदा नुसती धडपड ऐकू यायची. मग एकदा ध्यानात आलं की लांब शिवण घालताना माझं मशीन ज्या चालीत चालतंय त्याच चालीत पलीकडून ढुम, ढुम येतंय. मी मुद्दाम मशीन थांबवलं. पलीकडून आवाज आला, "वहिनी, थांबू नका हो!" मग काय, त्या दिवशी एका उशीच्या अभ्र्याला मी गरज नसताना दुहेरी शिवण घातली.

मला इतका आनंद झाला होता की विचारू नका. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, भाऊजींची बोटं चालायला लागली, आता काही काळजी नाही. फिजिओकडे गेलो तेव्हा बाईंनाही मीच आधी सांगितलं, "रोज वाजवतात, तासन् तास!"

बाई खूश झाल्या. त्यांनी भाऊजींचा डावा हात घेतला, ते बोट मोजायचं छोटं पातळ साधन लावलं, वाकवून बघितलं. पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा बदलला. "रोज वाजवताय?"

"रोज," भाऊजी म्हणाले.

"बोटं आधीपेक्षा जास्त आखडली आहेत."

मी उठून उभी राहिले. "असं कसं होईल? मी स्वतःच्या कानांनी ऐकते ना!" बाईंनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी गिटार घेऊन या."

पुढच्या खेपेला आम्ही गिटार घेऊन गेलो. मानेला पट्टा लावलेले एक आजोबा आणि गुडघ्याला पट्टी बांधलेली एक मुलगी, दोघंही बाहेर बसायचं सोडून दारात येऊन उभे राहिले. अँप नव्हता, पण खोली लहान होती. भाऊजींनी गिटार मांडीवर घेतली आणि त्यांना येत होतं ते वाजवलं. चांगलं वाजवलं हो! आजोबांना मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यांनी पाय हलवून ताल धरला.

बाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान. यात तारा दाबण्याचं काम कुठला हात करतो?"

भाऊजींनी आपल्या हातांकडे बघितलं. मीही बघितलं. गिटारची मान उजवीकडे होती. उजव्या हाताची चारही बोटं तिच्यावर धावत होती. आणि डावा हात खाली, तार ओढायला. त्याचंही फक्त अंगठ्याजवळचं एक बोट. ती दोन आजारी बोटं बाजूला ताठ, निवांत बसलेली.

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. फोनमधला माणूस समोर बसून वाजवतो. त्याच्या गिटारची मान आपल्याला ज्या बाजूला दिसते, त्याच बाजूला भाऊजींनी आपली धरली. आरशात बघून भांग पाडावा तसं. आणि आमच्या घरात गिटार कुठल्या हातात धरतात हे माहीत कुणाला होतं? हे समोर बसून ऐकत होते, मी भिंतीपलीकडून ऐकत होते. चांगला हात आणखी चांगला होत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

"अजून वेळ गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "पण आता फार थोडी उरलीये. गिटार फिरवा. थोडा थोडा वेळ, पण रोज. आणि याच हाताने." मग माझ्याकडे वळल्या. "शर्टाची बटणं कोण लावतं यांच्या?" मी छताकडे बघितलं.

बसस्टॉपवर येईपर्यंत माझी तोफ चालू होती. फोनवाल्या माणसाला बोलले, फोन बनवणाऱ्याला बोलले, ह्यांना बोलले, जे तिथे नव्हतेच. भाऊजी गिटार पायांत धरून बाकावर बसले होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"उलटी धरलीय ते. पहिल्यांदा खरंच चुकलं. पण त्याची जाड तार वर होती आणि माझी खाली येत होती. थोड्याच दिवसांत लक्षात आलं. मग एकदा सरळ धरून बघितली."  बस आली, आम्ही उठलो नाही, ती गेली. "करंगळी तारेवर ठेवली. दाबायला गेलो नाही. म्हटलं, दाबली आणि नाही वाकली तर? मग कळेलच ना, की आता नाहीच. त्यापेक्षा विचारायलाच नको तिला. विचारलंच नाही, तर नाही कोण म्हणणार?"

हे सगळं ते रस्त्याकडे बघत बोलले. एवढं सलग मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडाशी ओरडा आला होता तो तिथेच विरला. अर्ध्या चड्डीतलं ते पोर ताप आला की सांगायचं नाही, पांघरुणात शिरून गप्प पडून राहायचं, ते आठवलं. मला रडू यायला लागलं, आणि मला चारचौघांत रडायला मुळीच आवडत नाही.

"विचारलंच नाही तर हो तरी कोण म्हणणार, भाऊजी?" मी म्हटलं. "मलाही भीती वाटते. रोज सकाळी तुमच्या हाताकडे बघायच्या आधी मला भीती वाटते. पण आता उठा."

बसमध्ये नाही चढलो. रस्ता ओलांडला आणि दुकानात गेलो. दुकानदार मला बघून आधी खुर्चीमागे सरकला. पण माणूस भला. सगळं ऐकून घेतलं, हात बघितला, आणि म्हणाला, "मी शिकवतो. पण माझ्या पद्धतीने." तेव्हापासून तो आमचा मास्तर.

मास्तरांनी गिटार सरळ करून मांडीवर ठेवली, भाऊजींचा डावा हात उचलून तिच्या मानेवर नेला. मी त्यांना सोबत म्हणून जायची, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काजं-बटणं करत. मास्तर म्हणाले, "ती दोन बोटं सुटी लावू नका. जोडीने लावा. एकाला दुसऱ्याचा आधार. नवीन शिकणारे पुष्कळ जण तसंच करतात. आणि एक लक्षात ठेवा, दोन्ही हात एकदम. डाव्याने दाबलं त्याच क्षणी उजव्याने ओढायचं. जरा मागेपुढे झालं की तार खरखरते."

"ते येतं मला," भाऊजी म्हणाले. "आयुष्यभर तेच करत आलोय." मग जरा वेळाने म्हणाले, "एकदाच नाही केलं."

मास्तरांना काय कळणार? ते नुसते हसले. मी सुई खाली ठेवली आणि भिंतीवरच्या गिटारी मोजत बसले.

पुढचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. जो माणूस उलट्या हाताने आख्खी चाल वाजवत होता, तो सरळ हाताने एक सूर काढताना घामाघूम व्हायचा. दोन्ही बोटं तारेवर चढायची आणि घसरायची. खर्रर्र. पुन्हा. खर्रर्र. मी मशीनवर बसून दात आवळायची. जाऊन त्यांचं बोट आपणच दाबावं असं वाटायचं. शर्टाची बटणं लावायचं मी सोडून दिलं होतं. सकाळी ते एकेका बटणाशी झटत उभे असायचे आणि मी पाठ करून भांडी घासायची, घासलेलीच पुन्हा घासायची. एकदा सगळी बटणं एक घर चुकून लागली. तसेच बाहेर गेले. मी एक शब्द बोलले नाही. ह्यांना विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते.

हे वैतागायचे ते वेगळ्याच कारणाने. "अरे बारक्या, तेच तेच चार सूर? पाचवा सूर विकत घ्यायचा राहिला काय?"

"तो पुढच्या महिन्यात," भाऊजी म्हणायचे. म्हणजे चेष्टा परत आली होती. हात आला नव्हता, पण चेष्टा आली होती. त्या दिवसांत मी तेवढ्यावर जगले.

एका दुपारी मी पडद्याची लांब शिवण घालत होते. पलीकडे नेहमीचं खर्रर्र, खर्रर्र चाललं होतं. आणि मध्येच एक ढुम आला. स्वच्छ. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणल्या. माझा पाय थांबला.  पुन्हा आला. मी पडदा तसाच टाकून धावले. बघते तर मान डावीकडे, आणि ती दोन्ही बोटं तारेवर. जोडीने, थरथरत, पण वाकलेली.

"कुठल्या हाताने?" मी दारातूनच ओरडले, समोर दिसत असून.

"वहिनी, ओरडू नका, सुटेल," ते म्हणाले.

बाईंनी मोजलं आणि मान डोलावली. सुधारणा आहे, म्हणाल्या. दोरी सुटायला लागली. "पण तारेवर टेकण्याइतकं वाकणं वेगळं आणि मूठ मिटून जोर लावणं वेगळं. मूठ अजून नाही." कारखान्यातून विचारणा झाली होती. गेटवरची खुर्ची अजून रिकामी होती. भाऊजी रोज मूठ मिटून बघायचे, आम्हाला दिसणार नाही अशी, टेबलाखाली. मी ते बघायची, त्यांना दिसणार नाही अशी. करंगळी तळव्याच्या जरा अलीकडे थांबायची. रोज तिथेच थांबायची. मी ह्यांना म्हटलं, "अहो, एवढंच राहिलं आणि एवढंच नाही झालं तर?" हे नेहमीचं हळूहळू म्हणाले नाहीत. 

मग तो रविवार. मी ओट्याशी उभी राहून साखरेच्या काचेच्या बरणीशी झगडत होते. झाकण असं बसलं होतं की जाम हलेना. फडकं लावून झालं, आपटून झालं. तेवढ्यात भाऊजी आत आले. अँपची वायर सैल झाली होती, मध्येच आवाज जात होता, म्हणून ते चिडलेले. "मास्तरांना सांगायला हवं, वायर बदलून द्या म्हणून. परवाही असंच झालं. चालीत आलं की नेमका आवाज गायब." बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातून बरणी घेतली, झाकण फिरवलं, कट्ट झालं, बरणी ओट्यावर ठेवली. "कशाला एवढं घट्ट लावता?" असं म्हणून, वायरीबद्दल पुटपुटतच बाहेर गेले.

मी तशीच उभी राहिले. बरणी डाव्या हातात होती. काच गुळगुळीत, भरलेली, जड. ती त्यांनी डाव्या हातात धरली होती, अशी की उजव्याने एवढा जोर लावला तरी ती जराही फिरली नव्हती. मला वाटलं, मला भास झाला. मी चुकीचं बघितलं. एकदा चुकीचं बघून झालंच होतं ना आमचं.

मी झाकण पुन्हा लावलं. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पिळलं.

"भाऊजी," मी हाक मारली.  "जरा इकडे या."

"आता काय?"

"हे पुन्हा बसलं बघा."

"मगाशीच तर..." ते आले, वैतागून बरणी घेतली. उजवा हात झाकणावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी खाली बघितलं. डाव्या हाताची चारही बोटं बरणीभोवती होती. करंगळीसुद्धा. काचेला चिकटून, पांढरी पडलेली.

कितीतरी वेळ ते बघत राहिले. बाहेरून हे विचारत होते, काय झालं, काय झालं. माझ्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या आणि मला त्या पुसायच्याही नव्हत्या.

"वहिनी," भाऊजी म्हणाले. "धरलीय."

"दिसतंय मला," मी म्हटलं. "उघडा आता."